हडपसरची अश्वशाळा

घोडा तुम्ही पाहिला असेलच. लग्नाच्या वरातीतला सजवलेला घोडा, टांग्याचा घोडा, नाही तर चौपाटीवर मुलांना फेरी मारून आणणारा घोडा. पण नुकतेच जन्मलेले शिंगरू तुम्ही पाहिले आहे का? शिंगरू म्हणजे घोडीचे पिल्लू. जन्मल्यावर तासा-दीड तासात ते आपल्या लांब, काटकुळ्या पायांवर उभे राहते. पडते, धडपडते, पुन्हा उठते आणि आईचे दूध शोधू लागते. व्यालेल्या घोडीच्या पहिल्या घट्ट दुधाला मराठीत चीक म्हणतात. हा चीक शिंगराच्या पोटात वेळेवर गेलाच पाहिजे, म्हणून अश्वशाळेतली माणसे रात्रभर जागी राहतात. चिकाची ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला लागणार आहे.

पुण्याहून सोलापूरकडे निघाले की हडपसर लागते. आज तिथे उंच इमारती, कारखाने आणि वाहनांची गर्दी आहे. पूर्वी मात्र ते शहराबाहेरचे गाव होते. १९४६ साली सोली पूनावाला या पारशी गृहस्थांनी पुण्यात स्टड फार्म, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणारी अश्वशाळा सुरू केली. जागा सोयीची होती. पावसाळ्यात शर्यती पुण्यात होत आणि हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर होत. महालक्ष्मीचे मैदान तर १८८३ पासूनचे. गिऱ्हाईक असे दोन्ही बाजूंना होते.

या धंद्यातले शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. लगाम, जीन, चाबूक, तबेला, नालबंद हे शब्द मराठीत आहेत आणि तुमच्या उर्दूतही आहेत. उर्दूत ज्याला रकाब म्हणतात, त्याला मराठीत रिकीब म्हणतात, एवढाच फरक. काही शब्द मात्र नवे वाटतील. घोड्याला जे धान्य चारतात ती चंदी. घोड्याचे अंग घासून साफ करणे म्हणजे खरारा करणे. आणि घोड्याची देखभाल करणारा माणूस म्हणजे मोतद्दार. अश्वशाळेचा सारा डोलारा या मोतद्दारावर उभा असतो. मालकाचे नाव वर्तमानपत्रात येते, मोतद्दाराचे येत नाही. पण घोड्याने रात्री चंदी का टाकली, हे आधी त्यालाच कळते.

शर्यतीच्या घोड्यांची जात थरोब्रेड नावाने ओळखली जाते. ही जात इंग्लंडमध्ये तयार झाली, पण तिचे मूळ पूर्वेकडचे आहे. जगातल्या प्रत्येक थरोब्रेड घोड्याच्या बापाचा बाप, त्याचा बाप असे मागे मागे गेलो, तर आपण तीन घोड्यांपैकी एकापाशी पोहोचतो. त्यांतला एक घोडा १७०४ च्या सुमारास सीरियातील हलब शहरातून इंग्लंडला नेला होता. आजच्या बहुतेक थरोब्रेड घोड्यांचे घराणे त्याच्यापासूनच चालत आले आहे. आपल्या पणजोबांच्या वडिलांचे नाव आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? या घोड्यांची मात्र अशी सारी वंशावळ नोंदवहीत लिहिलेली असते. भारतातील घोड्यांची ही नोंद ठेवणारे कार्यालयही पुण्यातच आहे.

आता हा धंदा किती सावकाश चालतो ते पाहू या. समजा, १९४७ च्या फेब्रुवारीत एक घोडी गाभण राहिली. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते, म्हणून शिंगरू जन्मले १९४८ च्या जानेवारीत. पाच-सहा महिन्यांनी त्याला आईपासून वेगळे केले. मग त्याला माणसाची सवय लावायची, पाठीवर जीन घेण्याची सवय लावायची. १९५० च्या अखेरीस ते पहिल्यांदा शर्यतीत उतरणार. आणि सगळ्यांत मानाची शर्यत, म्हणजे इंडियन डर्बी, चार वर्षांच्या घोड्यांची असते. म्हणजे १९५२ उजाडले! घोडी निवडताना आपण बरोबर होतो की चूक, हे कळायला पाच वर्षे गेली. मधल्या काळात चंदी, औषधे, नालबंद आणि नोकरांचे पगार, सारा खर्च खिशातूनच. शिवाय वर्षभर जपलेला घोडा एका ठेचेने पाय मोडून बसला, तर मागचे सगळे पाण्यात.

पूनावालांनी अशी एकामागून एक वर्षे काढली. शर्यतींवर पैसे लावून अनेकांनी आपली घरे बुडवली, हे खरे आहे आणि ते चांगले नाही. पण घोडा वाढवणाऱ्याचे काम वेगळे. त्याला रोज सकाळी तबेल्यात जावे लागते.

सोली पूनावाला यांचे पुत्र सायरस यांचा जन्म १९४१ सालचा. ते आणि त्यांचे बंधू झावरे घोड्यांतच वाढले. पण सायरस विशीत आले तेव्हा त्यांना एक काळजी वाटू लागली. पूर्वी शर्यतीचे घोडे पाळणाऱ्यांत राजेरजवाडे पुढे असत. बडोदा, कोल्हापूर या संस्थानांचे घोडे नावाजलेले होते. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. देश समाजवादी विचारांनी चालू लागला होता. अशा देशात श्रीमंतांच्या शौकावर उभा असलेला धंदा किती दिवस टिकणार? सायरस यांनी दुसरे काही करून पाहायचे ठरवले. त्यांनी मोटार तयार करण्याचाही खटाटोप केला. पण मोटारींचा कारखाना म्हणजे फार मोठे भांडवल. तो बेत सोडावा लागला.

उत्तर त्यांच्या तबेल्यातच होते. पण ते पळणाऱ्या घोड्यांत नव्हते, न पळणाऱ्या घोड्यांत होते.

अश्वशाळेत काही घोडे म्हातारे होतात. काहींचे पाय निकामी होतात. त्यांचे काय करायचे, हा प्रत्येक अश्वशाळेपुढचा अवघड प्रश्न असतो. पूनावालांकडचे असे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. परळची ही सरकारी संस्था प्लेगच्या साथीत, १८९९ साली, प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली होती. तिथे घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वातावरचे औषध तयार होई. अश्वशाळेत येणाऱ्या एका पशुवैद्याशी बोलताना सायरस यांच्या ध्यानात आले, की घोडे आपले, औषधाची देशाला गरज आहे, ते पुरेसे मिळत नाही. मग ते औषध आपणच का तयार करू नये?

घोड्याच्या रक्तातून औषध कसे निघते? आता आपण चिकाकडे परत येऊ. आपल्या शरीरात रोगाचे विष शिरले, की शरीर त्याला मारक अशी द्रव्ये तयार करते. त्यांना प्रतिद्रव्ये म्हणतात. माणसाच्या बाळाला ती आईच्या पोटात असतानाच मिळतात. शिंगराला मिळत नाहीत. ते जवळजवळ उघडेच जन्माला येते. घोडीची प्रतिद्रव्ये चिकात असतात आणि जन्मानंतर साधारण एक दिवसच शिंगराच्या आतड्यांतून ती रक्तात जाऊ शकतात. म्हणून ती धावपळ! एका प्राण्याचे संरक्षण दुसऱ्याला देता येते, हे घोडीने दाखवून दिले आहे. हीच गोष्ट प्रयोगशाळेत १८९० साली बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी दाखवली.

औषध करताना धनुर्वाताचे विष आधी निरुपद्रवी करतात. मग ते घोड्याला अगदी थोडे टोचतात, पुढे हळूहळू प्रमाण वाढवतात. काही आठवड्यांत घोड्याच्या रक्तात भरपूर प्रतिद्रव्ये तयार होतात. मग त्याच्या मानेच्या शिरेतून काही लिटर रक्त काढतात. एवढ्या मोठ्या जनावराच्या अंगात चाळीस-पन्नास लिटर रक्त असते, त्यामुळे घोडा जगतो. रक्तातला पिवळसर द्रव वेगळा करून त्यापासून औषध बनवतात. अनेक ठिकाणी उरलेल्या तांबड्या पेशी घोड्याला परत देतात. घोड्याला त्रास होत नाही असे मी म्हणणार नाही, सुई ती सुईच. म्हणून त्याला विश्रांती, चांगली चंदी आणि जाणता मोतद्दार लागतो. या कामी पूनावालांचा वीस वर्षांचा अनुभव उपयोगी पडला. घोडा आजारी आहे की नुसता कंटाळला आहे, हे ओळखणारी माणसे त्यांच्याकडे आधीच होती.

१९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट ही कंपनी सुरू झाली. त्याच वर्षी सायरस पुण्यातील वाणिज्य महाविद्यालयातून पदवीधर झाले होते. विज्ञान शिकलेली माणसे त्यांनी बरोबर घेतली. दोन वर्षांच्या आत धनुर्वाताचे औषध बाजारात आले. पुढे लहान मुलांना देण्याच्या लशी आल्या, सर्पदंशावरचे औषध आले. लशी काही घोड्याच्या रक्तातून निघत नाहीत, त्यांची कृती वेगळी. पण पहिली पायरी घोड्यांचीच होती. वाणिज्याच्या या पदवीधराला १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाने याच विषयावर पीएच.डी. दिली.

धनुर्वातावर आता माणसाच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्येही मिळतात. साप चावला तर मात्र आजही घोडाच मदतीला येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवरचे जे औषध सरकारी दवाखान्यात असते, ते घोड्याच्या रक्तापासूनच बनते. खेड्यात तुमचे कोणी नातेवाईक असतील, तर त्यांना हे जरूर सांगा, आणि साप चावल्यावर मांत्रिकाकडे न जाता दवाखान्यात जायला सांगा.

आणि पूनावालांचे घोडे? तो धंदा बंद पडला नाही. औषधांच्या कंपनीपुढे तो लहान झाला, तरी घराण्याने तो सोडला नाही. हडपसरमध्ये कंपनीजवळच्या रस्त्याला सोली पूनावालांचे नाव आहे. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे कोविड लशीची खोकी भरलेले ट्रक कंपनीच्या आवारातून पुणे विमानतळाकडे निघाले. तुमच्या आईवडिलांनी घेतलेली लस कदाचित तिथलीच असेल. जानेवारी हा घोड्या विण्याचाही महिना असतो. त्या पहाटेही कुठल्या तरी अश्वशाळेत एखादा मोतद्दार कंदील घेऊन बसला असेल, शिंगरू उभे राहून आईचा चीक कधी पिते याची वाट पाहत.