रिकाम्या मालमोटारीचा हिशेब

खालापूर तालुक्यातील मोहोपाडा हे पाताळगंगेच्या खोऱ्यातील गाव रसायनीच्या कारखान्यांचे शेजारी म्हणून ओळखले जाते. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सार्वजनिक उपक्रमाची स्थापना १९६० मध्ये झाली व रसायनीस त्याचा कारखाना उभा राहिला. पुढे पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र विस्तारले. पश्चिमेस १९८९ पासून न्हावा-शेवा बंदर आहे, तर पूर्वेस बोरघाट व त्यापलीकडे पुणे. अशा ठिकाणी मालवाहतूक हा केवळ कारखानदारांचा प्रश्न नसतो. एका मालमोटारीवर संसार चालविणाऱ्या गावकऱ्याची मिळकतही तीवर अवलंबून असते.

डिझेल व टायर यांचा खर्च धावेनुसार होतो. कर्जाचा हप्ता, विमा आणि चालकाचे वेतन मात्र गाडी फाटकाशी उभी असली तरी चुकत नाही. भाडे मिळते ते भरल्या फेरीचे. म्हणून खर्च कमी करावयाचा म्हणजे प्रथम रिकामी धाव कमी करावयाची.

एक उदाहरण घेऊ. त्यातील अंतरे हिशेबापुरती ठोकळ मानली आहेत. मोहोपाडा व कर्जत येथे प्रत्येकी एका गाडीचा माल तयार आहे. रिकाम्या गाड्या दोन, एक चौकला व एक पनवेलला. चौकहून मोहोपाडा १० व कर्जत १४ किलोमीटर. पनवेलहून मोहोपाडा १६ व कर्जत ३२. जवळची गाडी जवळच्या मालाला, या सहज सुचणाऱ्या न्यायाने चौकची गाडी मोहोपाड्यास व पनवेलची कर्जतला जाईल; रिकामी धाव ४२ किलोमीटर. उलट जोडी लावल्यास १४ आणि १६ मिळून ३०च होते. वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे हे गणित आहे. तीन गाड्या व तीन ठिकाणे असतील तर जोड्या लावण्याच्या सहाच रीती. दहा असतील तर ३६,२८,८००. तेथे संगणकच हवा.

दुसऱ्या महायुद्धात त्जालिंग कूपमन्स या अर्थशास्त्रज्ञापुढे हाच प्रश्न जहाजांच्या रूपाने उभा होता. माल उतरविल्यावर रिकामे जहाज पुढे कोठे धाडावे? या विषयातील कार्याबद्दल त्यांना व रशियाच्या कांतोरोविच यांना १९७५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अंतर हेच एक माप नव्हे. कर्जतहून लोणावळ्याकडे ३७ मीटरला एक मीटर अशी चढण आहे, आणि तेथे मालगाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. याच जिल्ह्यातील कोलाडहून १९९९ पासून कोकण रेल्वेने भरल्या मालमोटारीच वाघिणींवर चढवून गोव्याकडे नेण्यास प्रारंभ केला. नागमोडी रस्त्यावरचे डिझेल व टायरची झीज त्यामुळे वाचते.

वरील उदाहरणात एक अडचण मात्र उरते. बारा किलोमीटर वाचले खरे. पण चौकच्या मालकाला दहाऐवजी चौदा किलोमीटर रिकामे जावे लागले, आणि पनवेलच्या मालकाचे सोळा वाचले. ही तफावत आपसांत भरून देण्याचे आधी ठरले नसेल, तर चौकची गाडी मोहोपाड्यालाच जाईल.