टर्बोला शेवटी विचार

बाळा, जुनी डिझेल गाडी घेतलीस, बरं केलंस. चढावर ती दम खाते म्हणून लगेच तोंड पाडू नकोस. तुझं १२४८ सीसीचं इंजिन मूळचं फियाटचं, स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत बसलेलं. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या विकणंच थांबवलं, म्हणजे त्यांच्यातलं शेंडेफळही आता वयात आलंय.

१. गॅरेजला जाण्याआधी वहीत लिही: कितवा गिअर, काटा किती हजारांवर, इंजिन गरम की थंड — नुसतं ‘पिकअप नाही’ म्हणालास की समोरचा टर्बोकडे बोट दाखवतो आणि तू मान डोलावतोस.

२. काटा दोन हजारांच्या खाली असताना गाडी आळसावली तर तो आजार नाही, स्वभाव आहे — टर्बो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर, आणि तेवढा जोर खाली नसतोच. खंबाटकी घाट चौथ्यावर चढायचा हट्ट सोड, तिसरा टाक.

३. मागच्या गाडीतल्या कुणाला तरी धूर बघायला सांग. धूर काळा तर वारा शोध, धूर नाही तर डिझेल शोध — नेहमीच खरं ठरेल असं नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

४. वारा शोधताना आधी एअर फिल्टर काढून उजेडाकडे धर. मग इंजिन थंड असताना इंटरकूलरच्या होज पाइपांवर खालच्या अंगाने हात फिरव, क्लॅम्पपाशी जरा रेंगाळ. बोटाला तेलकट ओल लागली आणि तिथे धूळ चिकटलेली दिसली, तर पाइप तिथेच पिळून बघ — आतून थोडं तेलाचं बाष्प जातच असतं, ते दाबाने चिरेतून बाहेर येतं. उभ्या गाडीत ही चीर मिटलेली असते. घरी गप्प बसून पाहुण्यांसमोर तोंड उघडणाऱ्या पोरासारखी ती रेस दिल्यावरच बोलते.

५. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी काढतोस ना? — तुंबलेला फिल्टर सपाटीवर निभावतो, चढावर हात वर करतो.

६. बंद करून चालू केली की थोडा वेळ शहाण्यासारखी धावते? मग स्कॅनर लाव, कोड पुसण्याआधी लिहून घे, आणि चढावर मागितलेला बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, किती नि मिळालेला किती ते बघ. कोडात सेन्सरचं नाव आलं म्हणून सेन्सर बदलू नकोस — तो चुगली करतो, चोरी नाही.

७. हवा मोजणारा सेन्सर त्याच्या स्प्रेनेच साफ कर, फडकं लावू नकोस — फार नाजूक असतो. ईजीआर व्हॉल्व्हही बघून घे, गावात रांगत चालवलेल्या गाडीत तो काजळीने अडकतो.

८. आता टर्बो. पाइप काढून दांडा बोटाने हलव. बाजूला किंचित हलला तर चालतं, आतबाहेर हलला किंवा पाती भिंतीला घासलेली दिसली तर गेला — दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो, म्हणून थोडी ढील असणारच. नवा बसवताना तेलाची बारीक नळी तपासल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

९. घाट चढून चहाला थांबलास की मिनिटभर इंजिन चालू राहू दे — चढावर तो दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, आणि एकदम बंद केलंस तर तापलेल्या टर्बोत अडकलेलं तेल करपतं. तोवर बाकीच्यांना चहा सांगायला पाठव.