जसे पाणी, तशी माशाची चरबी

गावच्या तळ्यात आपण रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडतो. वर्षभरात मासा चांगला भरतो. पण दोन तळ्यांतले मासे वजनाला सारखे असले, तरी त्यांचा कस सारखा असेलच असे नाही. असे का होते, ते आपण पाहू.

रोहूच्या १०० ग्रॅम मांसात १६-१७ ग्रॅम प्रथिने असतात. चरबी थोडी, बहुधा १ ते ३ ग्रॅम. पण ती मोलाची आहे. तिच्यात ओमेगा-३ नावाचा अंश असतो. मुलांच्या मेंदूला आणि डोळ्यांना तो लागतो.

हा अंश येतो कुठून? तो मुळात पाण्यातल्या बारीक शेवाळात तयार होतो. शेवाळ बारीक जीव खातात. मासे दोन्ही खातात. आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून तळ्याचे पाणी फिकट हिरवे असावे. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. तळवा दिसेनासा होऊ लागला, तर पाणी ठीक. तळाची माती दिसत असेल, तर माशाला खायला कमी. मनगट बुडताच तळवा दिसेना, तर शेवाळ फार झाले. मग शेण-खत थांबवा. अशा पाण्यात पहाटे प्राणवायू कमी पडतो. मासे वर येऊन तोंड उघडतात. ते खात नाहीत, वाढत नाहीत, कधी मरतातही.

काही जण कोंडा आणि पेंड भरमसाट टाकतात. मासा लवकर जाड होतो. कापला की आतड्याभोवती चरबीच चरबी! पण कोंडा-पेंडीच्या चरबीत ओमेगा-३ फार कमी. शिवाय उरलेली पेंड तळाशी कुजते. पाणी बिघडते आणि नको ते शेवाळ माजते. त्यातला मातकट वास माशाच्या चरबीत मुरतो. असा मासा काही दिवस स्वच्छ, वाहत्या पाण्यात उपाशी ठेवला, तर वास कमी होतो.

विषाचे मात्र तसे नाही. शेतात फवारलेले औषध पावसाने तळ्यात येते. काही विषे माशाच्या चरबीत साठून राहतात. ती शिजवूनही पुरती जात नाहीत. एंडोसल्फान हे औषध माशांना फार घातक. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्यावर बंदी घातली. आजही फवारणीचा पंप आणि डबे तळ्यात धुऊ नयेत. शेताचे पाणी तळ्यात येऊ नये म्हणून बांध घालावा.

तळ्यात जे पडते, ते माशात उतरते. माशातले आपल्या मुलांच्या ताटात येते. तळे राखणे म्हणजे घरचे ताट राखणेच, नव्हे का?

प्रश्न
१. ओमेगा-३ मुळात कशात तयार होतो?
२. तळ्याचे पाणी हाताने कसे पारखावे?
३. फवारणीचा पंप तळ्यात का धुऊ नये?