‘विषय’चा ‘विपय’ का दिसतो?

प्रश्न : मी सांगलीत गेली बावीस वर्षं डीटीपीचं काम करतो. पुस्तकं, स्मरणिका, लग्नपत्रिका, जे येईल ते. जुना लॅपटॉप बंद पडला म्हणून मुलीनं नवा चौदा इंची घेऊन दिला. पडदा २५६० बाय १६०० आहे, असं खोक्यावर लिहिलंय. फोटो आणि ब्राउझर झकास दिसतात. पण माझं पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर उघडलं, की ओल्या काचेतून वाचल्यासारखं वाटतं. अक्षरांच्या कडांना तांबूस-निळसर झाक येते. तोच लॅपटॉप जुन्या बावीस इंची मॉनिटरला जोडला, की तेच पान स्वच्छ! चष्म्याचा नंबर तपासून आलो, बदललेला नाही. दुकानदार म्हणतात, रिझोल्युशन कमी करा. करू का, की लॅपटॉपच परत देऊ?

उत्तर : दोन्ही करू नका. तुमचे डोळे धड आहेत आणि पडदाही धड आहे. त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे : नव्या पडद्यावर फोटो आणि ब्राउझर झकास दिसतात, आणि जुन्या मॉनिटरवर तेच पान स्वच्छ दिसतं. हे निरीक्षण तुम्ही लिहिलंत म्हणून माझं अर्धं काम झालं.

तुम्ही छपाईतले, तेव्हा पॉइंटपासूनच सुरुवात करू. एका इंचात ७२ पॉइंट. १९८४ साली आलेल्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपकेच होते, म्हणजे एक पॉइंट, एक ठिपका. मायक्रोसॉफ्टनं विंडोजसाठी हा आकडा एक तृतीयांशानं वाढवून ९६ धरला, कारण पडदा आपण हातातल्या कागदापेक्षा लांबून वाचतो. त्या हिशेबानं १२ पॉइंटाचं अक्षर १६ ठिपके उंचीचं. पुढं वर्षानुवर्षं बहुतेक पडदे या आकड्याच्या आसपासच राहिले, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ‘इंचाला ९६’ हे गृहीतच धरलं. मराठी छपाईत अजून पेजमेकर चालवणारे कितीतरी जण आहेत. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ची. त्या पिढीच्या सॉफ्टवेअरला तुमच्या आजच्या पडद्याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

तुमच्या नव्या पडद्यावर इंचाला सुमारे २१५ ठिपके बसतात. तेच १६ ठिपक्यांचं अक्षर तिथं जेमतेम १.९ मिलिमीटर उंच होतं. जुन्या ९६च्या हिशेबात ते सव्वाचार मिलिमीटर होतं. एवढं बारीक कुणालाच वाचवणार नाही, म्हणून विंडोज सगळं मोठं करून दाखवतं. सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’खाली ‘स्केल’ पाहा, बहुधा १५० टक्के असेल. ब्राउझरसारखे नवे प्रोग्राम हा आकडा विचारून घेतात आणि १६ ऐवजी २४ ठिपक्यांचं अक्षर नव्यानं, रेखीव काढतात. जुना प्रोग्राम विचारतच नाही. तो आपला १६ ठिपक्यांचं अक्षर काढून मोकळा होतो. मग विंडोज त्या तयार चित्रालाच ताणून दीडपट करतं. ही सोय २००७च्या व्हिस्टापासून आहे. हेतू चांगला होता, खिडकी निदान वाचण्याइतकी मोठी व्हावी. पण चित्र ताणलं की ते पुसट होतंच. जुना ब्लॉक एन्लार्ज करून छापल्यावर जे होतं, तेच हे.

रोमन लिपीपेक्षा देवनागरीला याचा फटका जास्त बसतो, आणि हे मला मनापासून सांगायचंय, कारण या विषयावरच्या इंग्रजी सल्ल्यांत ते मला कुठं सापडलं नाही. तुमच्याकडं तपासणीचं भिंग असेलच. ते पडद्यावर धरा आणि शिरोरेखा बघा. नव्या प्रोग्राममध्ये ती काळी, सरळ, धारदार कडांची दिसेल. जुन्या प्रोग्राममध्ये ती मुळात एका ठिपक्याच्या जाडीची असते. एका ठिपक्याचे दीड ठिपके कसे करणार? अर्धा ठिपका पडद्यावर नसतोच. म्हणून तो काळेपणा दोन-तीन ओळींत वाटला जातो, एक ओळ गडद राखाडी, शेजारची फिकी, आणि धड काळी एकही उरत नाही. जे शिरोरेखेचं, तेच अनुस्वाराचं, रफाराचं आणि पोटफोड्या ‘ष’च्या पोटातल्या रेघेचं. ती रेघ विरली की ‘ष’ आणि ‘प’ एकसारखे दिसायला लागतात. एका स्मरणिकेची शेवटची मुद्रितं मी अशाच ताणलेल्या पडद्यावर वाचली होती. ‘विषय’च्या जागी ‘विपय’ पडला होता आणि तो माझ्या नजरेतून सुटला. छापून आल्यावर पहिल्याच पानावर दिसला. तेव्हापासून मुद्रितं वाचायच्या आधी मी भिंग लावून शिरोरेखा बघतो.

रंगीत झाक कशाची, तेही त्याच भिंगातून कळेल. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन बारीक भागांचा बनलेला असतो. क्लिअरटाइप नावाची पद्धत हे तीन भाग वेगवेगळे उजळून अक्षराची कड अधिक नेटकी करते. मायक्रोसॉफ्टनं ती १९९८ साली जाहीर केली होती. ठिपका जागेवर असेल तर डोळ्यांना रंग जाणवत नाही. चित्र ताणलं की तो हिशेब विस्कटतो आणि रंग उघडे पडतात.

आता दुकानदारांच्या सल्ल्याबद्दल. रिझोल्युशन २५६०चं १९२० केलंत, तर प्रत्येक ठिपका पडद्यावरच्या एक पूर्णांक एक तृतीयांश ठिपक्यांवर पसरावा लागेल. आज एकच प्रोग्राम पुसट आहे, मग सगळेच होतील, फोटोसुद्धा. रिझोल्युशन आणि स्केल, दोन्ही ‘रेकमेंडेड’ लिहिलेल्या आकड्यावरच राहू द्या. स्केलच्या चौकटीत स्वतःच्या मनानं १३७ वगैरे टक्केही टाकू नका.

त्याऐवजी हे करून बघा. सॉफ्टवेअर बंद करा. त्याच्या चिन्हावर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, त्यात ‘कम्पॅटिबिलिटी’, आणि तिथं ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. उघडलेल्या चौकटीत तळाशी ‘ओव्हरराइड हाय डीपीआय स्केलिंग बिहेविअर’वर टिक करा. खाली तीन पर्याय मिळतील. ‘ॲप्लिकेशन’ निवडलं तर विंडोज ताणणं थांबवतं. अक्षरं धारदार होतात, पण अवजारांची पट्टी आणि मेन्यू मुंगीएवढे. पानावरचा मजकूर तुम्ही झूम करून मोठा करू शकता. मेन्यूचं मात्र काही करता येत नाही. ‘सिस्टीम’ म्हणजे आज जे चाललंय तेच. तिसरा पर्याय ‘सिस्टीम एन्हान्स्ड’. हा २०१७च्या विंडोज १०च्या सुधारणेत आला आणि तुमच्यासारख्यांसाठी तोच आधी लावून बघावा असं मी म्हणेन. यात विंडोज, जमेल तिथं, जुन्या प्रोग्रामची अक्षरं आणि रेघा मोठ्या मापात नव्यानं काढतं; चित्रं आणि चिन्हं तेवढी ताणलेली राहतात. सगळ्याच जुन्या प्रोग्रामना तो मानवतो असं नाही. खिडकीची मांडणी विस्कटली तर टिक काढा, सगळं पूर्ववत होईल. फाइलींना धक्का लागत नाही.

मॉनिटर जोडून काम करणार असाल तर आणखी एक गोष्ट. काही प्रोग्राम तुम्ही साइन-इन करता त्या वेळच्या मुख्य पडद्याचं माप घेतात आणि तेच धरून बसतात. मग खिडकी एका पडद्यावर स्वच्छ, दुसऱ्यावर पुसट. तेव्हा जिथं काम करायचं तो पडदा ‘मेन डिस्प्ले’ करा, एकदा साइन-आउट करून परत आत या, आणि मगच प्रोग्राम उघडा.

छपाईची काळजी करू नका. फॉन्टची अक्षरं फाइलमध्ये ठिपक्यांनी नाही, वळणांच्या गणितानं साठवलेली असतात. पीडीएफ काढली किंवा फाइल प्लेटवर गेली, की पडद्यावरच्या ताणाताणीचा त्या अक्षरांशी संबंध उरत नाही. या कामाची पीडीएफ काढून ती एखाद्या नव्या प्रोग्राममध्ये उघडलीत, तर नव्या पडद्यावर अक्षरं इतकी रेखीव दिसतील, की जोडाक्षरांतली खोटसुद्धा पकडता येईल. तुमच्या जुन्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८चा असेल, तर त्याच्या जवळपास चौपट ठिपके आता तुमच्या हाताशी आहेत. तो साडेदहा लाखांच्या आतला, आणि हा जवळजवळ ४१ लाखांचा. मुद्रितं वाचायला यापेक्षा चांगला पडदा तुम्हाला आजवर मिळालेला नाही.

आणि वरचं काहीच लागू पडलं नाही, तर पानं बावीस इंची मॉनिटरवर लावा. त्यावर इंचाला शंभराच्या आसपासच ठिपके असणार, म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरला तो घरचा वाटतो. वाचन नव्या लॅपटॉपवर, पीडीएफमधून. मी स्वतः असंच करतो.