नाजूक पोटाच्या कुत्र्याचं खाणं बदलताना

‘आमचं शेत सिरसाळ्याच्या शिवारात आहे. आखाड्यावर मोत्या नावाचा चार वर्षांचा कुत्रा आहे, वजन बारा किलोच्या आसपास. भाकरी, ताक आणि घरातलं उरलंसुरलं कोरड्यास खाऊन वाढला. महिन्यातून दोन-तीनदा त्याला पातळ होतं, मग दिवसभर पडून राहतो, गवत खातो. पुण्याच्या मुलाने चांगल्यापैकी दाण्याचं खाद्य आणून दिलं. त्याच दिवशी भाकरी बंद करून ते सुरू केलं. तिसऱ्या दिवशी जुलाब इतके वाढले की सगळं थांबवलं. गावातले म्हणतात, गावठी कुत्र्याला असलं पचत नसतं. डॉक्टरसाहेब, काय करावं?’ — एक शेतकरी, सिरसाळा, ता. परळी वैजनाथ

तुमच्या मोत्याला हे खाद्य पचू शकेल. गावठी कुत्र्याचं आतडं विलायती कुत्र्याहून वेगळं नसतं, आणि या तीन दिवसांवरून खाद्य निकृष्ट आहे असंही म्हणता येणार नाही. चार वर्षांची सवय एका दिवसात मोडली, ही खरी अडचण. ज्वारीच्या पिठात प्रथिनं साधारण दहा टक्के आणि स्निग्धांश दोन-तीन टक्के असतो. चांगल्या दाण्यांत प्रथिनं वीस टक्क्यांच्या वर आणि स्निग्धांश दहा टक्क्यांच्या पुढे असतो. आतड्यातले जिवाणू रोजच्या खाण्यानुसार वाढतात, स्वादुपिंडाचे पाचकरसही त्याच खाण्याला बेतलेले असतात. अचानक चरबी वाढली की न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, पाणी ओढून घेतो आणि जुलाब लागतात.

पण मोत्याचं पोट दाणे येण्याआधीपासून बिघडत होतं. त्याचं कारण न शोधता कितीही महाग पिशवी आणली तरी उपयोग व्हायचा नाही. सकाळची ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि जंतांची तपासणी करून घ्या. त्याच्या हिरड्या पाहा. त्या गुलाबीऐवजी पांढुरक्या दिसत असतील तर रक्त पिणाऱ्या अंकुशकृमींची किंवा गोचीड तापाची शंका घ्यायला हवी. जंताचं औषध वजन करूनच द्यावं. रानात फिरणाऱ्या कुत्र्याला ते दर तीन महिन्यांनी लागतं. शेळ्यांच्या औषधातला उरलेला घोट अंदाजाने पाजू नका. कपाशीवर फवारणी झाल्यावर दोन-चार दिवस त्याला बांधून ठेवा. तोंडाला फेस, थरथर आणि जुलाब एकदम दिसले तर ती विषबाधा समजा आणि तासभरसुद्धा थांबू नका.

आता कोरड्यासाकडे येतो, कारण माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे. येसर, काळा मसाला, तिखट, वर तेलाचा तवंग हे नाजूक पोटाला सोसत नाही. त्याहून वाईट कांदा आणि लसूण. कच्चे असोत, शिजवलेले असोत की वाळवून कुटलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांनी फुटतात. दहा किलोच्या कुत्र्याला एका वेळी दीडशे ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तावर परिणाम दिसू शकतो, आणि थोडा थोडा रोज गेला तरी नुकसान साचत जातं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, देवाचं वाहन म्हणून कुत्र्यालाही घास ठेवतात. तो घास जरूर ठेवा, पण रोडग्याचा. भरीत त्यात नको. दूधही बंद करा. मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर सहसा पचत नाही. ताक-दह्यात ती कमी असते, म्हणून थोडं अदमुरं ताक मोत्याला चालेल.

तपासणी झाली, जंत गेले, की दोन-तीन दिवस मऊ भात आणि उकडलेलं बिनहाडाचं कोंबडीचं मांस द्या. भात दोन भाग, मांस एक भाग. मीठ, हळद, तेल काही नको, आणि तेही दिवसातून चार वेळा थोडं थोडं. विष्ठा बांधून आली की आठवडाभर ताकात कुस्करलेल्या साध्या भाकरीवर आणा. त्यानंतर बदलाला हात घाला. पहिले पाच दिवस रोजच्या खाण्याचा पाव हिस्सा दाणे, बाकी भाकरी. पुढचे पाच दिवस निम्मे-निम्मे, मग पाऊण हिस्सा दाणे, आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण. धडधाकट कुत्र्याला हेच सात ते दहा दिवसांत जमतं, तुमच्या कुत्र्याला तीन आठवडे द्या. दाणे कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून घ्या. मध्येच पातळ झालं तर फक्त एक पायरी मागे या आणि तिथे चार दिवस थांबा, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही.

आणखी एक चूक फार ठिकाणी होते. भाकरीचा काला ताटभर लागतो, म्हणून दाणेही ताटभर घालतात. शंभर ग्रॅम दाण्यांत साडेतीनशे ते चारशे कॅलरी असतात. बारा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सातशेच्या आसपास पुरतात, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आत सगळं भागतं. एकदा तराजूवर मोजून एका वाटीला खूण करून ठेवा आणि दोन वेळांत विभागून द्या. आखाड्यावरच्या सगळ्यांना, सालगड्यापासून लेकरांपर्यंत, बजावून ठेवा की हे तीन आठवडे मोत्याला एकच माणूस खायला देईल. प्रत्येकाने मायेने एकेक तुकडा टाकला तर काय खाल्ल्याने बिघडलं हे मलाच काय, कुणालाच सांगता येणार नाही.

‘दुकानदार म्हणतात, धान्य नसलेलं खाद्यच घ्या, कुत्र्याला ज्वारी-गहू पचतच नाही. हे खरं आहे का?’ — एक शिक्षिका, अंबाजोगाई

नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना करून दाखवली. स्टार्च पचवणारा रस तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षं राहून कुत्र्याने आपली भाकरी पचवायची शिकून घेतली आहे. अट एवढीच की धान्य पूर्ण शिजलेलं हवं. कच्ची कणीक तर कधीच देऊ नका, ती पोटात फुगते. उलट २०१८ पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वाटाणा, मसूर यांचा भरणा असलेल्या धान्यविरहित खाद्यांची चौकशी केली. ती खाणाऱ्या काही कुत्र्यांत हृदयाचे स्नायू ताणून पातळ होण्याचा आजार आढळला होता. खाद्यामुळेच तो झाला असं ठाम सिद्ध झालेलं नाही, पण नुसत्या जाहिरातीवर जादा पैसे मोजण्याचं कारण मला दिसत नाही. खरी अन्नाची अॅलर्जी बहुतेकदा प्रथिनांची असते: गोमांस, दूध, कोंबडी, कधी गहू. पोटाबरोबर कान आणि पंजेही सतत खाजत असतील, तर आधी कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन आठ आठवडे देऊन पाहतात. पण ते तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.

‘दसरा झाला की आम्ही जोडीनं ऊसतोडीला जातो. कुत्रं गाडीखाली चालत सोबत येतं. तिकडं गेलं की पंधरा दिवस त्याचं पोट बिघडलेलं असतं. पिशवीतलं खाद्य आम्हाला परवडत नाही.’ — एक वाचक, सिरसाळ्याजवळून

तुम्ही स्वतः कोपीत राहून कुत्र्याच्या पोटाची काळजी करता, म्हणून या पत्राला सविस्तर उत्तर देतो. पिशवी नसली तरी काही अडत नाही. फक्त प्रवास आणि खाण्यातला बदल एकाच आठवड्यात नको. निघण्याच्या दहा दिवस आधी जंताचं औषध द्या, पिसाळण्याविरुद्धची वर्षाची लस टोचून घ्या. घरच्या ज्वारीचं पीठ नेताच, कुत्र्यालाही पहिले पंधरा दिवस त्याच पिठाची भाकरी द्या. पाणी भांड्यात ठेवा. फडातलं साचलेलं पाणी तो पिणारच, पण तहान भागलेली असली तर कमी पिईल. भाकरीत प्रथिनं कमी पडतात. मोठ्या कुत्र्याच्या अन्नात कोरड्या वजनाच्या अठरा टक्के तरी असावीत, म्हणून रोज एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर घट्ट शिजलेलं बिनफोडणीचं वरण भाकरीत कालवा, वर चमचाभर तेल. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, बारीक कुटून ठेवा. अर्धा चमचा भुकटीत सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम मिळतं, दहा-बारा किलोच्या कुत्र्याला ते दिवसापुरतं होतं. शिजवलेली हाडं देऊ नका. ती चिरफाळतात आणि आतड्यात रुततात. वाटेत तब्येत बिघडली तर १९६२ या क्रमांकावर फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा तो क्रमांक आहे.

‘माळेगावच्या यात्रेतून कारवानी जातीचं अडीच महिन्यांचं पिल्लू आणलं. दाणे मानवले नाहीत वाटतं, काल ओकलं, आज रक्ताची हगवण आहे. कुठलं खाद्य द्यावं?’ — एक तरुण, परळी वैजनाथ

तुम्हाला फोनवर लगेच कळवलं आहे. इतरांसाठी लिहितो. हा खाण्याचा प्रश्न नाही. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण म्हणजे पार्व्हो या विषाणूच्या आजाराची शंका, त्याला सलाईन लागतं आणि तेही त्याच दिवशी. जवळ सोय नसेल तर थेट परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना गाठा. कारवानीच्या बरगड्या मुळातच थोड्या दिसतात. ते अशक्त आहे असं समजून पहिल्याच दिवशी मटण-अंडी भरवू नका. कोणतंही पिल्लू आणलं की दोन आठवडे आधीच्या मालकाकडचंच खाणं चालू ठेवा. लशी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्याव्या लागतात. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकतो. पिल्लू जिथे हगलं ती फरशी ब्लीचच्या पाण्याने धुवा, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी. मातीच्या अंगणात लस न झालेलं दुसरं पिल्लू वर्षभर आणू नका.