डोंगराच्या कुशीतील कलागृह : भोपाळचे भारत भवन

नाटकाचे घर कसे असावे, हा प्रश्न आपल्या देशात नवा नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील दुसरा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. लांबट, चौरस व त्रिकोणी असे नाट्यगृहाचे तीन आकार तेथे सांगितले असून, माणसांसाठी ६४ हात लांब व ३२ हात रुंद असे मध्यम मापाचे गृह योग्य ठरविले आहे. हात म्हणजे सुमारे दीड फूट धरला, तर हे माप ९६ फूट लांब व ४८ फूट रुंद एवढे भरते. याहून मोठे गृह बांधू नये, कारण त्यात नटाचे शब्द अस्पष्ट ऐकू येतील आणि मुखावरील भाव मागच्या प्रेक्षकांस दिसणार नाहीत, असे त्याचे कारणही दिले आहे. नाट्यमंडप पर्वतातील गुहेसारखा असावा, म्हणजे आवाज गंभीर उमटेल, अशीही एक सूचना तेथे आहे. ही सूचना विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

नाट्यगृह एकटे असेल तर त्याचे शास्त्र तुलनेने सोपे. परंतु एकाच छत्राखाली चित्रशाला, रंगमंच, संगीतसभा व ग्रंथालय नांदवावयाचे म्हटले, की खरी अडचण सुरू होते. चित्राला हवी शांतता, कोरडी हवा व स्थिर, सौम्य प्रकाश. ऊन थेट पडले तर कागदावरील रंग काही वर्षांतच विटू लागतात. नाटकाला उलट अंधार हवा असतो, म्हणजे दिव्यांचा खेळ साधतो. चित्र पाहणारा मनुष्य एकटा, आपल्या गतीने, पुढे-मागे होत चालतो. नाटक पाहणारे शेकडो जण एकाच वेळी येतात, एकाच वेळी बसतात आणि एकाच वेळी उठून दाराकडे धावतात. ढोलकीचा आवाज चित्रशाळेत शिरला तर चित्र पाहणाऱ्याचा रसभंग होतो, आणि दोहोंमध्ये भिंतीवर भिंती उभारल्या तर ते कलेचे घर न राहता कचेरी होऊन बसते. या परस्परविरुद्ध गरजांचा मेळ एका डोंगराच्या उतारावर कसा घातला गेला, ते पाहण्याजोगे आहे. आपल्या माळव्याच्या पूर्वेस, भोपाळच्या श्यामला टेकडीवर, भारत भवन या नावाने हे कलागृह उभे आहे. उभे आहे म्हणण्यापेक्षा ते टेकडीत बसले आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

या वास्तूचे रचनाकार चार्ल्स कोरिया हे मूळ गोमंतकीय कुटुंबातले. त्यांचा जन्म १९३० साली सिकंदराबाद येथे झाला आणि २०१५ साली मुंबईत ते निवर्तले. साबरमतीच्या आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय ही त्यांची तरुणपणीची कृती. आपल्यासारख्या उष्ण देशात पहाटे व सायंकाळी सर्वांत सुखाची जागा म्हणजे उघड्या आभाळाखालचे अंगण होय, पेटीसारख्या बंद इमारती ही थंड देशांची गरज आहे, आपली नव्हे, असे त्यांचे आग्रहाचे मत होते. वाड्याच्या चौकात खेळलेल्या मराठी वाचकास हे मत समजावून सांगावे लागणार नाही.

भारत भवनास दर्शनी भाग जवळजवळ नाहीच. रस्त्याने येणाऱ्यास समोर उंच कमान, खांबांची रांग वा घुमट दिसत नाही. दिसतात त्या सपाट गच्च्या, थोडी हिरवळ, मधूनमधून जमिनीतून वर डोकावणारे काँक्रीटचे गोल झरोके आणि त्यांपलीकडे मोठ्या तलावाचे पाणी. हा तलाव अकराव्या शतकातील राजा भोजाने बांधविला, अशी परंपरा आहे. प्रवेश वरून होतो व पायऱ्यांनी खाली उतरावे लागते. उतरता उतरता एका चौकातून दुसऱ्या चौकात जावे, चौकाच्या भोवती दालने लागावीत, दालनातून बाहेर पडावे तो पुन्हा आभाळ, आणि शेवटी पाण्याचे दर्शन, असा हा क्रम आहे. आपल्याकडील देवळांत आपण पायऱ्या चढून वर जातो. येथे उतरण आहे, विहिरीच्या किंवा घाटाच्या पायऱ्यांसारखी. पाण्याकडे उतरताना मनुष्याला कोणी अडवील अशी भीती वाटत नाही. एवढा एक साधा मनोधर्म वास्तुविशारदाने ओळखला, यातच त्याची खरी बुद्धिमत्ता आम्हांस दिसते.

प्रकाशाची योजनाही अशीच. बहुतेक दालने जमिनीत अर्धी बुडालेली असल्यामुळे उन्हाळ्यातील झळ त्यांना कमी लागते. माती स्वतःच उष्णता अडविते. गच्चीवरील गोल झरोक्यांतून व कठड्यांलगतच्या फटींतून उजेड वरून गाळून आत येतो. त्यामुळे भिंती चित्रांसाठी मोकळ्या राहतात आणि ऊन थेट चित्रावर पडत नाही. चौकाकडील दारांना दुहेरी झडपा आहेत. आतल्या बाजूस काचेच्या, काही पक्क्या व काही उघडणाऱ्या. बाहेरच्या बाजूस मोठाले लाकडी दरवाजे, जे रात्री बंद केले की वास्तू सुरक्षित होते. दिवसा मात्र आत आणि बाहेर यांतील सीमा पुसट व्हावी, अशीच सारी योजना आहे. खेळासाठी दोन मुख्य स्थाने आहेत. बंदिस्त नाट्यगृहास ‘अंतरंग’ आणि खुल्या पायऱ्यांच्या प्रेक्षागारास ‘बहिरंग’ ही नावे दिली आहेत. दालने व रंगमंच यांच्यामध्ये चौक आणि मातीचे भराव येत असल्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्यास फारसा बाधत नाही. भरतमुनींची गुहेची कल्पना येथे जाणूनबुजून वापरली, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तथापि डोंगरात शिरलेले नाट्यगृह पाहून तिची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे.

भारत भवनाचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. काव्यासाठी ‘वागर्थ’, संगीतासाठी ‘अनहद’, नाटकासाठी ‘रंगमंडल’ आणि चित्र-शिल्पासाठी ‘रूपंकर’ असे त्याचे विभाग पाडण्यात आले. रंगमंडलाची धुरा कन्नड रंगभूमीचे थोर दिग्दर्शक ब. व. कारंत यांनी प्रथम वाहिली. नागरी हिंदीबरोबरच बुंदेली, माळवी, छत्तीसगढी या बोलींना त्यांनी रंगमंचावर मान दिला. इंदूरच्या बाजारात रोज कानावर पडणारी बोली नाटकात आली म्हणजे प्रेक्षकाला काय वाटते, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल.

परंतु या संस्थेची खरी कसोटी लागली ती रूपंकरमध्ये. त्याचे संचालक चित्रकार जगदीश स्वामिनाथन (१९२८–१९९४) यांनी एक विलक्षण निर्णय घेतला. शहरात शिकलेल्या, नावाजलेल्या चित्रकारांची चित्रे आणि खेड्यापाड्यांतील व आदिवासी वस्त्यांतील कलाकारांच्या कृती त्यांनी एकाच संग्रहालयात, समान मानाने मांडावयाचे ठरविले. तोवर रिवाज असा होता की, पहिलीला ‘कला’ म्हणावे व दुसरीला ‘हस्तव्यवसाय’. पहिली चित्रशाळेत टांगावी, दुसरी मानववंशशास्त्राच्या कपाटात चिठ्ठी लावून ठेवावी. पहिल्या प्रकारात कलावंताचे नाव असे, दुसऱ्यात केवळ जमातीचे. स्वामिनाथन यांनी तरुण चित्रकारांच्या तुकड्या प्रदेशभर धाडल्या आणि कृती आणताना त्या करणाऱ्याचे नावही आणावे, असा कटाक्ष ठेवला. नाव लिहून घेणे ही लहान गोष्ट वाटेल. भिंतीवर चित्र लावताना त्याखाली काय लिहिले जाते, यावर सारे अवलंबून असते.

झाबुआ जिल्ह्यातील पिटोल या गावची भूरीबाई ही भिल्ल स्त्री त्या काळी भोपाळला मजुरीस आली होती. जेथे पुढे चित्रे लागावयाची होती, त्याच भारत भवनाच्या कामावर ती ओझी वाहत होती. तुमच्या घरी भिंतींवर काय काढता, ते काढून दाखवा, असे स्वामिनाथन यांनी मजूर स्त्रियांना विचारले. भूरीबाईंना तेव्हा हिंदी नीट येत नव्हती. आपण चित्र काढीत बसलो तर दिवसाच्या मजुरीचे काय, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. दिवसाला सहा रुपये मजुरी मिळत असे. चित्रासाठी दिवसाला दहा रुपये देऊ, असे उत्तर मिळाले. बसून रंगविण्याचे ओझे वाहण्याहून अधिक पैसे मिळतात, याचे आपल्याला नवल वाटले, हे भूरीबाईंनी स्वतः पुढे अनेकदा सांगितले आहे. गावी त्या कोळसा, गेरू, खडू, हळद आणि पानांचा हिरवा रस वापरीत. येथे त्यांच्या हाती प्रथमच कागद, कुंचला व तयार रंग आले. पिठोरा देवाचा घोडा स्त्रियांनी रंगवू नये, अशी त्यांच्या समाजातील रीत. ती त्यांनी पाळली, आणि झाडे, पक्षी, हरणे, घरे, पुढे तर मोटारी व विमानेही, ठिपक्यांच्या ओळींनी भरून काढली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरे नाव जनगढसिंह श्याम यांचे. मंडल्याकडील पाटनगढ या खेड्यातील हा परधान गोंड तरुण. परधान हे गोंडांचे भाट. बाना नावाचे तंतुवाद्य वाजवून बडा देवाची व कुळांची गाणी यजमानांपुढे गाणे, हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. काळ बदलला, यजमान गरीब झाले आणि बाना मुका होऊ लागला. भारत भवनाच्या तुकडीस जनगढ यांनी भिंतीवर काढलेले चित्र दिसले आणि १९८१ च्या सुमारास ते भोपाळला आले. ज्या देवांना आजवर केवळ स्वर होता, त्यांना त्यांनी रूप दिले. बारीक ठिपके, रेघा व तळपते रंग यांनी घडलेल्या त्या शैलीला आज ‘जनगढ कलम’ असे नाव आहे. १९८९ साली पॅरिसच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. त्यांचे आप्त व गाववाले त्यांच्यामागून भोपाळला आले आणि चित्रांवर संसार चालवू लागले. २००१ साली जपानमधील एका संग्रहालयासाठी चित्रे काढीत असताना, घरापासून हजारो मैल दूर, त्यांचा अत्यंत दुःखद अंत झाला. तेव्हा ते चाळिशीच्या आसपास होते.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो घेणारे लोक उथळ नाहीत. भिंतीवरचे चित्र सणासाठी असते, पावसाने धुतले जाते आणि पुढच्या वर्षी नव्याने काढले जाते. त्याला चौकटीत घालून दालनात टांगले म्हणजे त्याचा प्राण जातो, आणि बाजारात किंमत येताच एकाच नमुन्याची शंभर चित्रे निघू लागतात, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. भोपाळातील गोंड चित्रांची पुष्कळशी दुकानदारी पाहिली की ते नाकारता येत नाही. तरीही दुसरी बाजू आम्हांस अधिक वजनदार वाटते. भूरीबाईंपुढे पर्याय पवित्र परंपरा आणि बाजार यांतला नव्हताच. तो चित्र आणि डोक्यावरची विटांची पाटी यांतला होता.

पैशाचा प्रश्नही सोडून चालणार नाही. अशी कलागृहे नफ्यासाठी नसतात. तिकिटांच्या उत्पन्नावर तर ती एक वर्षही तगणार नाहीत. भारत भवनासाठी १९८२ साली कायद्याने स्वतंत्र न्यास स्थापन झाला, परंतु खर्चाचा मुख्य भार राज्यशासनाच्या अनुदानावर राहिला. जो पैसा देतो त्याने कलावंतांच्या कामात किती लक्ष घालावे, यावरून या संस्थेत वेळोवेळी तीव्र वाद झाले आहेत, आणि सरकार बदलले म्हणजे न्यासावरील माणसेही बदलावीत काय, हा त्यांतला कळीचा मुद्दा राहिला आहे.

याच कोरियांनी पणजीत मांडवीच्या काठी कला अकादमीची वास्तू रचली. गोव्यातील आमच्या वाचकांस ती परिचित आहे. रस्त्यावरून आत शिरलेला मनुष्य कोठेही न अडखळता थेट नदीपर्यंत चालत जाऊ शकतो. तेथील मुख्य नाट्यगृहास मंगेशीच्या मास्टर दीनानाथांचे नाव आहे, आणि त्याच्या भिंतींवर जुन्या नाटकगृहातील सज्जे व त्यांत बसलेले प्रेक्षक रंगविलेले असल्यामुळे, खरी आसने रिकामी असली तरी नटाला गृह भरलेले दिसते! मात्र अशा वास्तूंना देखभालीची गरज फार. २०२३ च्या जुलैमध्ये नूतनीकरण चालू असतानाच तेथील खुल्या रंगमंचावरील छत कोसळले, सुदैवाने कोणी त्याखाली नव्हते. काँक्रीट, समुद्राची हवा आणि पाऊस यांचे सख्य नाही, आणि बांधण्यास मिळणारा पैसा जपण्यास मिळत नाही, हा आपल्याकडील जुनाच अनुभव.

भोपाळला जाण्याचा योग आला, तर भारत भवन पाहून झाल्यावर त्याच टेकडीवरील जनजातीय संग्रहालयातही जावे. हे संग्रहालय २०१३ साली सुरू झाले. तेथील एका लांब भिंतीवर भूरीबाईंनी स्वतःच्या आयुष्याची कथा रंगविली आहे. बालपणीचे पिटोल, जंगलातून आणलेली लाकडे, भोपाळची वाट, आणि मग बांधकामावर ओझे वाहणाऱ्या बायका व कागद पुढे करणारे स्वामिनाथन.