वरच्या मजल्याचा आवाज

शहरांतील घरें आतां एकावर एक रचलेलीं असल्यामुळें एका कुटुंबाची जमीन तेंच दुसऱ्या कुटुंबाचें छत होऊन बसलें आहे. वरती पाट सरकला, कीं खालीं अभ्यासाला बसलेला मुलगा पुस्तकांतून मान वर करितो; रात्रीं वरती वाटी पडली, कीं खालच्या आजारी माणसाची नुकतीच लागलेली झोंप मोडते. यावरून ज्या कटकटी होतात त्यांत दोष बहुधा माणसांच्या स्वभावाला दिला जातो. आमच्या मतें त्यांतील बराचसा दोष जमिनीच्या रचनेचा असतो. आणि ती रचना सुधारण्याची संधि अनेक वर्षांतून एकदांच, म्हणजे जुनी फरशी उखडून नवी घालतांना, मिळते. ती कशी साधावी हें समजण्यासाठीं प्रथम आवाजाच्या दोन जाती ओळखल्या पाहिजेत.

बोलणें, गाणें, रेडिओ यांचा आवाज हवेंतून येऊन जमिनीवर आदळतो व तिला हलवूं पाहतो. जमीन जितकी जड, तितकी ती कमी हलते. आजच्या घरांतील १२५ मिलिमीटर जाडीची काँक्रीटची स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भरते. एवढ्या ओझ्याला हवेच्या लाटा फारशा हलवूं शकत नाहींत. म्हणून वरच्या घरांतील साधें संभाषण खालीं क्वचितच समजतें. पण पडलेली वाटी, ओढलेली खुर्ची, खलबत्त्याचा ठोका यांची गोष्ट निराळी आहे. येथें हवेची मध्यस्थी नाहीं. ठोका थेट स्लॅबवरच बसतो, घट्ट पदार्थांतून तो फारसा न मंदावतां पसरतो, आणि खालचें सर्व छत तबल्याच्या पुडीप्रमाणें कंप पावून खोलींत आवाज सोडतें. पहिल्यास वातजन्य व दुसऱ्यास आघातजन्य आवाज म्हणूं.

हा भेद वर्गांत सहज पाहतां येतो. लांकडी बाकाच्या एका टोंकास टिकटिकणारें घड्याळ ठेवावें व दुसऱ्या टोंकास कान टेकावा. हवेंतून जी टिकटिक ऐकूं येत नव्हती ती बाकांतून स्पष्ट ऐकूं येईल. आतां घड्याळाखालीं चौपदरी रुमाल घाला. टिकटिक जवळजवळ बुडेल. रुमालाचें वजन तें किती! येथें उपयोगी पडलें तें वजन नव्हे, तर मऊपणा. या प्रयोगांत आमचा सर्व विषय आला आहे.

आपल्या जुन्या वाड्यांत तुळयांवर फळ्या, फळ्यांवर माती-मुरमाचा जाड थर आणि वर सारवण अशी जमीन असे. माती जड असते आणि तिचे कण एकमेकांवर घासून कंपाची शक्ति खाऊन टाकतात. स्कॉटलंडमधील जुन्या बहुमजली घरांतही तुळयांच्या मधल्या पोकळींत राख भरीत, आणि त्या भरावाला तिकडे ‘बहिरें करणें’ अशाच अर्थाचें नांव आहे. तें आम्हांला फार समर्पक वाटतें. पुढें सिमेंटाची एकसंध जमीन आली, तिच्यावर गुळगुळीत टणक लाद्या बसल्या, आणि वजन राहिलें तरी मऊपणा मात्र गेला.

तेव्हां कोणी म्हणेल, स्लॅबच अधिक जाड करावी. पण जाडी दुप्पट केली तरी वातजन्य आवाज ५-६ डेसिबेलच उतरतो, आणि कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटण्यास सुमारे १० डेसिबेल उतरावे लागतात. शिवाय इमारतीवर भार वाढतो तो वेगळाच. जुन्या लाद्यांवरच नव्या चिकटविण्याच्या पद्धतीलाही हाच आक्षेप आहे: दर चौरस मीटरला सुमारे २० किलो ओझें वाढतें व ठोके पूर्ववत् खालीं जातात.

खरा उपाय तरंगत्या जमिनीचा. जुनी फरशी व तिच्याखालचा माल काढून स्लॅब झाडून सपाट करितात. तिच्यावर रबराच्या किंवा बुचाच्या चुऱ्याची दाबून केलेली चादर सलग अंथरतात, आणि तिच्यावर सिमेंटाचा थर व लाद्या घालितात. वरची जमीन खालच्या स्लॅबला कोठेंही चिकटलेली नसावी, हें यांतील मर्म. चादरीचे सांधे चिकटपट्टीनें बंद करावे, नाहींतर ओला माल त्यांतून उतरून खालीं घट्ट पूल बांधतो. भिंतीपाशींही चादर लाद्यांच्या पातळीपर्यंत वर वळवावी. गवंडी बहुधा येथेंच चुकतो. काम नेटकें दिसावें म्हणून तो कडेची फट सिमेंटानें भरून काढितो, आणि त्या बोटभर सिमेंटावरून ठोका भिंतींत व भिंतींतून खालीं जातो. मग सबंध चादरीचा खर्च बव्हंशीं वायां! तेव्हां गवंड्याला फटीचें कारण आधींच समजावून सांगणें, हें चांगली चादर आणण्याइतकेंच महत्त्वाचें आहे. नव्या थराचा भार स्लॅबला पेलेल कीं नाहीं, हें अर्थात् इंजिनिअरला विचारूनच ठरवावें.

या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. पातळ चादर भांड्यांचा, खुर्च्यांचा तीक्ष्ण आवाज चांगला अडविते. मुलांच्या उड्यांचा जाड, घुमणारा धप्पा ती तितकासा अडवूं शकत नाहीं. प्रयोगशाळांत जमिनीची परीक्षा करण्याचें यंत्र असतें, त्यांत ५०० ग्रॅमचे ५ हातोडे ४० मिलिमीटर उंचीवरून सेकंदाला १० ठोके देतात. जपानांत लोक घरांत आपल्याप्रमाणेंच जोडे घालीत नाहींत. तेथें अशा हलक्या ठोक्यांखेरीज मोटारीचें टायर जमिनीवर पाडूनही परीक्षा घेतात, तें या धप्प्यासाठींच.

खालच्या घरानें स्वतःच्या छताखालीं दुसरें छत टांगलें तर? थोडा गुण येतो. परंतु भिंतींतून उतरणारा आवाज त्यानें थांबत नाहीं, आणि टांगणाऱ्या सळया ताठ असतील तर छतांतूनही येतोच. अडचण अशी, कीं आवाज अडविण्याची खरी जागा वरच्याच्या हातीं आणि त्रास खालच्याच्या कानीं. फरशीचें काम निघण्यापूर्वीं खालच्या शेजाऱ्यानें वर जाऊन बोलावें, व चादरीच्या खर्चांत वांटा देऊं करावा. कामाला सुरुवात झाल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षां तें स्वस्त पडतें. ज्यांना एवढें करणें शक्य नसेल त्यांनीं निदान खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या घालाव्या, सतरंजी अंथरावी, आणि खलबत्त्याखालीं चौपदरी गोणपाट ठेवावें.

काम चाललें असतांना एक परीक्षा अवश्य घ्यावी. सिमेंटाचा थर वाळला, पण लाद्या बसल्या नाहींत, अशा वेळीं एकानें वरती खोलीभर फिरून लांकडी दांड्यानें हलके ठोके द्यावे व दुसऱ्यानें खालीं ऐकावें. ज्या ठिकाणीं ठोका एकाएकीं मोठा ऐकूं येईल तेथें सिमेंटाचा पूल झाला आहे असें समजून खूण करावी व तेवढा भाग फोडून नीट करावा. लाद्या बसल्यावर भिंतीच्या कडेची पट्टी जमिनीला न टेकवितां किंचित् वर बसवावी, आणि खालची रेघ सिमेंटाऐवजीं मऊ राहणाऱ्या लुकणानें भरावी.